मध्ययुग नक्की संपलं कधी? तीन पुस्तकं, तीन तारखा

वाचनखूण (शनिवार, रात्री ११:५०)

मुलगा एफवायबीएला आहे, इतिहास घेतलाय. परवा रात्री स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणाला, "आई, मध्ययुग संपलं कधी?" मी ओटा पुसत होते. म्हटलं, "आजीला विचार, तिचं अजून चालू आहे." एरवी हसला असता, हसला नाही. काखेत तीन पुस्तकं होती. लायब्ररीतलं म्हणतं १४५३, तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल घेतलं ते साल. क्लासच्या नोट्स म्हणतात १४९२, कोलंबस. आणि तिसरं माझंच, १९८९ सालचं, माळ्यावरून काढलेलं. त्यात छपाईचा शोध साधारण १४५०, मग ल्यूथरचं चर्चविरुद्धचं बंड १५१७, आणि समासात माझ्या अक्षरात पेन्सिलीने "हे पाठ".

पाठ केलं होतं, पासही झाले. पण पोराने "म्हणजे १४५३ला काय झालं नेमकं, दुसऱ्या दिवशी लोक आधुनिक झाले?" असं विचारलं आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं.

तर जाणकारांनो, दोन गोष्टी सांगा. या तारखा ठरवल्या कुणी? आणि "तुर्कांनी खुष्कीचा मार्ग बंद केला म्हणून युरोपीय लोक समुद्रमार्गे निघाले" हे वाक्य आपण सगळ्यांनी घोकलंय, ते खरं आहे का? लिंका नकोत. लिंका त्यालाही सापडतात.

घाईत_आहे (रविवार, सकाळी ७:१०)

ताई, १४५३ लिहायला सांगा. खाली "तथापि याबाबत इतिहासकारांत मतभेद आहेत" हे एक वाक्य. पाचपैकी चार मार्क कुठे गेले नाहीत.

वाचनखूण (रविवार, सकाळी ७:४०)

मार्क मिळतील हो. त्याला पडलेला प्रश्न मार्कांचा नाहीये, हीच तर पंचाईत आहे.

तटबंदी (रविवार, सकाळी ११:०५)

कंपनीच्या कामाने दोन वर्षं इस्तंबूलला, म्हणजे जुन्या कॉन्स्टँटिनोपलला होतो. घरापासून जुना तट चालत वीस मिनिटांवर. पाचव्या शतकात रोमन सम्राट थिओडोसियसच्या कारकिर्दीत बांधलेला, तिहेरी. येदिकुलेच्या बाजूला या तटालगतच्या खंदकात भाजीचे वाफे आहेत, तिथली लेट्यूस शहरभर नावाजलेली. रविवारी मी तिथे चक्कर मारून पालेभाजी घेऊन यायचो. पुस्तकातलं १४५३ म्हटलं की मला आधी ते वाफे आठवतात, मग तोफा.

वेढा ६ एप्रिलला पडला आणि शहर २९ मे १४५३ला गेलं. वार मंगळवार, ग्रीक लोक अजून मंगळवारी शुभकार्य टाळतात. सुलतान दुसरा मेहमद तेव्हा २१ वर्षांचा, म्हणजे तुमच्या मुलापेक्षा दोनतीन वर्षांनीच मोठा. आतून लढणारे जेमतेम सात हजार. ऑर्बान नावाचा तोफा ओतणारा हंगेरियन कारागीर आधी कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटाच्या दारात गेला होता, पण तिजोरीत त्याला द्यायला पैसे नव्हते. मग तो सुलतानाकडे गेला. तटाला भगदाडं पडली ती त्या तोफांनी. बंदराच्या तोंडाशी साखळी लावली होती, तर मेहमदने जहाजं टेकडीवरून ओढून आत उतरवली.

आता गंमत बघा. आत कोंडले गेलेले लोक स्वतःला काय म्हणायचे? रोमन. भाषा ग्रीक, पण नाव रोमन. "बायझंटाइन" हा शब्द आपण त्यांना लावतो तो त्यांचं राज्य बुडाल्यावर शंभरेक वर्षांनी जर्मन पंडितांनी वापरात आणला. म्हणजे ४७६ला "रोम पडलं" आणि मध्ययुग सुरू झालं असं आपण लिहितो, तेव्हा या लोकांचं रोम अजून हजार वर्षं पडायचं होतं. आणि ४७६ला तरी काय झालं? ओडोएकर नावाच्या सरदाराने रोम्युलस ऑगस्ट्युलस नावाच्या पोरसवदा सम्राटाला गादीवरून उतरवलं. मारलंसुद्धा नाही, वर्षासन बांधून देऊन कांपानियात राहायला पाठवला. राजचिन्हं कॉन्स्टँटिनोपलला परत केली, इकडे वेगळा सम्राट नको म्हणून. त्या संध्याकाळी रोममध्ये युग बदलल्याची कुणाला शंकाही आली नसेल.

तारखा कुणी ठरवल्या? मधला काळ म्हणजे अंधार, ही कल्पना इटलीतल्या पंडितांची, चौदाव्या शतकातल्या पेत्रार्क या कवीपासूनची. पण प्राचीन, मध्य, अर्वाचीन अशा तीन खणांत इतिहास भरून शाळेत शिकवायला आणला तो क्रिस्टोफ सेलारियस या जर्मन मास्तराने. त्याचं मध्ययुगावरचं पुस्तक १६८८चं. सुरुवात सम्राट कॉन्स्टंटाइनपासून, शेवट १४५३. मास्तरांना धडा कुठेतरी संपवावा लागतो. तुमच्या मुलाच्या लायब्ररीतलं पुस्तक अजून त्याच मास्तरांच्या वेळापत्रकावर चालू आहे.

खुष्कीच्या मार्गाचं वाक्य मात्र सोडून द्या. मिरी, लवंग, दालचिनी यांतला मोठा माल तांबड्या समुद्रातून अलेक्झांड्रियाला यायचा, आणि तिथे राज्य मामलुकांचं, म्हणजे इजिप्तच्या सुलतानांचं. ऑटोमनांनी, म्हणजे या तुर्कांनी, इजिप्त घेतलं ते १५१७ला. व्हेनिसवाल्यांनी तर १४५४च्या एप्रिलमध्येच सुलतानाशी तह करून दुकान पुन्हा उघडलं होतं. आणि पोर्तुगीज? त्यांनी आफ्रिकेच्या उत्तर टोकाचं सेउटा घेतलं १४१५ला, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं बोहादोरचं भूशिर ओलांडलं १४३४ला. शहर पडायच्या वीस वर्षं आधी निघालेला माणूस शहर पडलं म्हणून कसा निघेल? मार्ग उघडाच होता. प्रत्येक नाक्यावर कुणीतरी आपला हात मारून घ्यायचा, आणि तो नफा लिस्बनला स्वतःच्या खिशात हवा होता.

घाईत_आहे (रविवार, दुपारी १२:३०)

दहावीला मी हे वाक्य चार वेळा लिहून पाठ केलं होतं. माझे कष्ट परत द्या.

जुळारी (रविवार, संध्याकाळी ६:२०)

नमस्कार. मी इथे नुसता वाचतो, लिहीत नाही. मोबाइलवर अक्षरं शोधायला वेळ लागतो. उभं आयुष्य अक्षरं जुळवण्यात गेलेल्या माणसाने हे म्हणावं!

१९७१ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, मिरजेच्या बाजूला एका जॉब प्रेसमध्ये खिळे (छपाईची शिशाची सुटी अक्षरं) जुळवायला लागलो. लग्नपत्रिका, तेराव्याच्या पत्रिका, हँडबिलं, दूध सोसायटीची पावतीपुस्तकं. पुस्तक क्वचित. एक कवितासंग्रह जुळवला होता. कवीकडून पैसे यायचे आहेत. १९९८ला प्रेस बंद झाला, खिळे किलोवर भंगारात गेले. त्यातला एक 'ळ' मी खिशात घातला, तो अजून देवघरात आहे.

ताईंच्या जुन्या पुस्तकात छपाई म्हणून जे साल आहे, त्याबद्दल दोन शब्द. युरोपात छपाई सुरू करणारा गुटेनबर्ग म्हटलं की सगळे त्याचं बायबल दाखवतात. दाखवावं असं ते आहेच. पानात दोन रकाने, ४२ ओळींचे, आणि उजवी कड अशी सरळ की रूळ लावून बघावी. साधारण १८० प्रती काढल्या, काही कातड्यावर, बाकी कागदावर. १४५५च्या मार्चमधलं एका बिशपचं पत्र आहे (हा गृहस्थ पुढे पोप झाला). फ्रँकफुर्टला त्याने या बायबलची सुटी पानं पाहिली होती. कार्डिनलला लिहितो, अक्षर इतकं स्वच्छ की आपल्याला चष्म्याशिवाय वाचता येईल. प्रूफ बघून असं बोलणारं गिऱ्हाईक मला सत्तावीस वर्षांत भेटलं नाही.

पण बायबलने गुटेनबर्गचं दिवाळं काढलं. योहान फुस्ट नावाच्या सावकाराकडून त्याने आठशे गुल्डन घेतले, मग आणखी आठशे. नोव्हेंबर १४५५ला फुस्टने व्याजासकट दावा लावला, निकाल त्याच्या बाजूने गेला, आणि पुढे धंदा फुस्टने चालवला. त्याच्या जोडीला पेटर शोफर, गुटेनबर्गच्याच हाताखालचा माणूस. आमचे मालक म्हणायचे, पुस्तकाने नाव होतं, पावतीपुस्तकाने पगार होतात.

आता मुख्य गोष्ट. मागच्या दिवाळीत नात आली होती. तिने मोबाइलवर एक फोटो दाखवला आणि म्हणाली, "आबा, ओळखा." लॅटिन मला येत नाही. पण फोटो बघितल्याबरोबर मी म्हटलं, "पावती आहे."

ती बघतच राहिली. अगं, त्यात काय! मजकूर सलग जुळवलेला, मध्येच एक मोकळी जागा, त्या जागेत हाताने लिहिलेलं नाव. खाली शेवटच्या ओळीत साल छापलेलं आणि तारखेपुरती जागा सोडलेली. मी अशा हजारो जुळवल्यात. "श्री. ______ यांजकडून रु. ______ मिळाले." मोकळ्या जागेत कोरे खिळे भरावे लागतात, नाहीतर फर्मा, म्हणजे चौकटीत आवळलेला मजकूर, ढिला पडतो आणि आख्खी ओळ सांडते. त्या मोकळ्या जागेकडे बघून मला त्या जुळाऱ्याची बोटं दिसली.

ते पापमुक्तिपत्र होतं, म्हणजे चर्चला पैसे दिले की पापाची माफी, त्याचं पत्र; जर्मनीत, गुटेनबर्गच्या गावी माइंत्समध्ये छापलेलं. सायप्रसच्या राजाला तुर्कांपासून बचावासाठी पैसा हवा होता. पोपने १४५१लाच मंजुरी दिली होती: जो वर्गणी देईल त्याला हे पत्र. मग १४५३ला कॉन्स्टँटिनोपल पडलं आणि तुर्कांची धास्ती घरोघर पोचली. मंजुरीची मुदत ३० एप्रिल १४५५ला संपणार होती. म्हणजे बघा, मागणी वाढलेली आणि मुदत तोंडावर आलेली. आमच्याकडे मार्चअखेर असायची तसं. हाताने नकलून हे कसं निभणार? तेव्हा छापखान्यात आले. आज सापडतं त्यातल्या सर्वांत जुन्या पत्रावर हाताने घातलेली तारीख आहे २२ ऑक्टोबर १४५४. बायबल तेव्हा अजून पुरतं बांधून बाहेर पडलं नव्हतं. आणि वर्ष पालटल्यावर साल बदलून १४५५चीही छापलेली आहेत. आमच्या मालकांनी "सन १९__" अशी पावतीपुस्तकं ढिगाने छापून ठेवली होती, २००० साल येईल हे त्यांच्या मनातच नव्हतं. असो.

१४५४च्याच डिसेंबरात माइंत्सला एक कॅलेंडर निघालं, १४५५ सालचं. तुर्कांविरुद्ध उठा असं राजेरजवाड्यांना पद्यात सांगणारं, आणि शेवटी नव्या वर्षाच्या शुभेच्छा. डिसेंबर म्हणजे कॅलेंडरांचा सीझन, हे तेव्हापासूनचं आहे!

म्हणून मुलाला सांगा, तीन पुस्तकांतल्या तीन तारखा एकमेकींशी भांडत नाहीत. १४५३ची भीती छापखान्यात १४५४ला काम होऊन आली. आणि १५१७? ल्यूथरने हरकत घेतली ती याच धंद्यावर. त्याने ३१ ऑक्टोबरचं आपलं पत्र पाठवलं कुणाला, तर माइंत्सच्या आर्चबिशपला. माइंत्सच! त्या आर्चबिशपने ते पद मिळवण्यापायी आउग्सबुर्गच्या फुगर सावकारांचं कर्ज काढलं होतं, आणि पापमुक्तिपत्रांची निम्मी वसुली त्या कर्जात वळती होत होती. उरलेली रोमला, सेंट पीटर चर्चच्या बांधकामाला. ल्यूथरची ९५ कलमं लॅटिनमध्ये, विद्यापीठात वादासाठी लिहिलेली. चर्चच्या दाराला खिळा ठोकून लावली की नाही यावर विद्वान भांडतात. मला तो खिळा महत्त्वाचा वाटत नाही, शिशाचे खिळे वाटतात: वर्ष संपायच्या आत न्यूरेंबर्ग, लाइप्त्सिग आणि बाझेलला ती छापून झाली होती.

ज्या यंत्रावर पावती छापली त्याच यंत्रावर पावतीविरुद्धचं पत्रक. मला याचं मुळीच नवल वाटत नाही. निवडणुकीच्या दिवसांत आमच्याकडे दोन्ही पार्ट्यांची हँडबिलं एकाच रात्री एकाच ट्रेडलवर निघायची. एका पार्टीचा माणूस आला की मालक दुसऱ्याच्या वाळत घातलेल्या कागदांवर वर्तमानपत्र टाकायचे.

पाणंद (रविवार, रात्री ९:१५)

सगळं छान आहे, पण यात शेतात राबणारा माणूस कुठाय? त्याचं युग १४५३ला बदललं नाही की १५१७लाही नाही. त्याचं बदललं ते १३४७-४८ला. काळ्या समुद्राकडून आलेल्या जिनोव्हाच्या गलबतांबरोबर मेसिनाला प्लेग उतरला आणि चारेक वर्षांत युरोपातला निदान तिसरा हिस्सा माणूस गेला. मग उभं पीक कापायला मजूर मिळेना. उरलेल्यांनी मजुरी वाढवून मागितली. इंग्लंडात १३५१ला कायदा आला की प्लेगच्या आधीचा दर होता तोच घ्यायचा, जास्त मागाल तर शिक्षा. कायदा करावा लागला म्हणजे दर चढला होता, हे कुणीही ऊसवाला सांगेल. आमच्याकडे टोळी अर्ध्यात दुसऱ्याच्या फडात निघून गेली की काय होतं ते मी मागच्या हंगामात भोगलंय. १३८१ला तिकडे शेतकरी लंडनवर चालून गेले.

माझ्या हिशेबात मध्ययुगाची मुळी तिथेच उपटली गेली. पुढचं सगळं पालवीचं.

तटबंदी (रविवार, रात्री ९:४०)

पाणंद, पश्चिम युरोपापुरतं मान्य. जर्मनीतल्या एल्ब नदीच्या पूर्वेला मात्र पुढच्या दोन शतकांत कुळं उलट आणखी घट्ट बांधली गेली. प्लेग तोच, परिणाम उलटा. त्यामुळे तुमच्या मुळीलाही पूर्व-पश्चिम आहे. पण "राबणारा कुठाय" हा टोला लागला. माझ्या प्रतिसादात सुलतान आणि सम्राट सोडून फक्त ऑर्बान आहे, तोही तोफवाला.

घाईत_आहे (रविवार, रात्री १०:०५)

जुळारीकाका, दंडवत. पण एक खोडी काढतो. धातूचे खिळे कोरियात आधीच होते ना? १३७७ची छापील पोथी आहे म्हणतात, पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात. मग गुटेनबर्गचं कसलं कौतुक?

जुळारी (सोमवार, सकाळी ६:३०)

खोडी बरोबर आहे. कोरियाचे खिळे आधीचे, आणि त्याही आधी चीनमध्ये मातीचे भाजलेले. जो पहिला त्याला पहिला म्हणावं. फक्त एक विचार करा. चिनी लिपीला हजारो वेगवेगळे खिळे लागतात. जुळाऱ्याने एका शब्दासाठी केसच्या, म्हणजे खिळे ठेवायच्या घरांच्या पेटीच्या, किती फेऱ्या मारायच्या? गुटेनबर्गने हाताच्या लेखणीची नक्कल करायची म्हणून जोडलेली अक्षरं, आखूड केलेली अक्षरं असं सगळं धरून २९०च्या आसपास प्रकार ओतले. तेवढ्यात आख्खं बायबल. शिवाय ओतायचा साचा हातात मावणारा, शिसं-कथील-अँटिमनीचं मिश्रण लगेच थिजणारं, आणि शाई तेलाची. पाण्याची शाई धातूवर ठरत नाही, ओघळते. हे सगळं एकत्र जुळवलं ते कौतुक. आणि बाहेर गिऱ्हाईक उभं होतं.

लिपीचं दुखणं आपल्यालाही होतं. मी शिकलो तेव्हा काना, मात्रा, वेलांट्या, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं धरून केसची घरं इतकी, की पहिलं वर्ष 'द्ध' आणि 'द्य' शोधण्यात गेलं. मालक टपली मारायचे. गोव्यात छापखाना उतरला १५५६ला. खरं तर तो जायचा होता ॲबिसिनियाला (आजचा इथिओपिया), राहिला गोव्यात. आणि तरी मराठी खिळे पडले नाहीत. ख्रिस्तपुराण लिहिणारे फादर स्टीफन्स यांनी १६०८ला वरिष्ठांना पत्र लिहिलंय: या देशाच्या लिपीत छापायची फार इच्छा आहे, पण साचे सहाशे लागतील असं वाटतं, आपली अक्षरं तर चोवीसच. शेवटी १६१६ला ख्रिस्तपुराण गोव्यातल्या राशोलला छापलं ते रोमन अक्षरांत. मराठी ओवी, आणि खिळे फिरंगी. ही हकिकत पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला त्या सहाशेच्या आकड्याचं हसू आलं नाही. मी ती घरं मोजलेली आहेत.

वाचनखूण (सोमवार, रात्री १०:५५)

सगळ्यांना नमस्कार. पोराला सगळा धागा वाचून दाखवला. म्हणजे मी वाचत होते आणि तो पोळ्या लाटत होता, आमच्यात असं ठरलंय. सेलारियस मास्तरांवर खूश झाला, खुष्कीच्या मार्गावर चिडला. पाणंद यांचं ऐकून म्हणाला, "मग १३४७ का नाही लिहीत पुस्तकात?" याचं उत्तर मी उद्यावर ढकललंय.

जुळारीकाका, त्याचा तुम्हाला एक प्रश्न आहे. तो फोटो त्याने शोधून काढला. म्हणतो, ही पत्रं कातड्यावर छापलेली दिसतात. बायबलसुद्धा बरंचसं कागदावर काढलं, मग एवढ्याशा पावतीला महागाचं कातडं कशाला?

जुळारी (मंगळवार, सकाळी ६:१५)

पोरगं बारीक बघतं. शाबास.

कारण ती एकदा दाखवून फेकायची पावती नव्हती. त्या पत्रावर माणसाला आपल्या पसंतीचा पाद्री निवडून पापाची पूर्ण माफी घेता यायची, एकदा जिवंतपणी आणि एकदा मरतेवेळी. म्हणजे पत्र विकत घेतलेल्या पंचवीस वर्षांच्या माणसाला ते चाळीस वर्षं सांभाळायचं. घराला गळती, उंदीर, कसर, सगळ्यातून. आणि शेवटच्या दिवशी ते सापडलं पाहिजे. कागदापेक्षा कातडं जास्त टिकाऊ.

आमच्या आईने रेशनकार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वर सुतळी बांधून, तांदळाच्या डब्यात खाली पुरून ठेवलं होतं. ती गेल्यावर डबा उपसला तेव्हा निघालं. त्यावर माझं नाव चुकीचं छापलेलं आहे, 'ळ'च्या जागी 'ल'.

वाचनखूण (मंगळवार, सकाळी ६:४०)

काका, म्हणून तो 'ळ' देवघरात का?

जुळारी (मंगळवार, सकाळी ७:०५)

नाही हो. तो भंगारवाल्याच्या काट्यावरून खाली पडला होता, म्हणून उचलला.